अक्षरांवरून शब्द शोधताना: उलट्या शब्दकोशांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता खेळातला आहे. इंग्रजीतली काही अक्षरं घ्यायची, समजा 'जी' आणि 'पी', आणि ती ज्यात आहेत असा शब्द शोधायचा. जमलं तर लांबात लांब. आज हे काम मोबाइल एका क्षणात करतो. पण १८८० साली लंडनमध्ये कुणाला ही हौस आली असती, तर त्याने काय केलं असतं? घरात शब्दकोश आहे, तो उघडला, आणि गडी तिथेच अडला. कारण शब्दकोश आपल्याला आधी विचारतो, 'तुमचा शब्द कशाने सुरू होतो?' आणि याला तर नेमकं तेच माहीत नाही!

आम्ही या विषयाकडे वळलो ते या अडचणीमुळे. ही अडचण सोडवायला लोकांनी शब्दकोश उलटे लिहिले, लाखो कार्डं टाइप केली, युद्धात शत्रूचे संदेश वाचणाऱ्यांनी वेगळ्याच याद्या केल्या. आणि हे सगळं बघताना आमच्या लक्षात एक गोष्ट येत गेली. 'या अक्षरांचा सगळ्यात लांब शब्द कोणता' हा प्रश्न भाषेबद्दलचा वाटतो, पण त्याचं उत्तर दर वेळी भाषा देत नाही, यादी देते. यादी कुणी केली, कशी लावली, कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, यावर ते ठरतं.

तर सुरुवात यादीपासूनच करू. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने 'टेबल अल्फाबेटिकल' हे छोटं पुस्तक काढलं. फक्त इंग्रजीतल्या शब्दांचा अर्थ इंग्रजीतच सांगणारा हा पहिला कोश समजतात. शब्द जेमतेम अडीच हजार. गंमत अशी, की प्रस्तावनेत त्याला वाचकांना समजावावं लागलं, की बाबांनो, आधी वर्णमालेचा क्रम नीट पाठ करा; 'ए'ने सुरू होणारा शब्द पुढच्या बाजूला बघा, 'व्ही'ने सुरू होणारा शेवटाकडे. आज आपल्याला जे इतकं उघड वाटतं, ते तेव्हा शिकवावं लागत होतं. वर्णानुक्रम हे एक तंत्र आहे, आणि प्रत्येक तंत्रासारखी त्याचीही मर्यादा आहे. ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: या सुरुवातीचे शब्द कोणते.

शेवटाचं काय? कवींना शेवट लागतो. १७७५ साली जॉन वॉकर यांनी एक कोश काढला, ज्यात शब्द शेवटच्या अक्षरावरून लावले होते. शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. म्हणजे यमक हवं असलेल्याने शब्दाची शेपटी धरायची. हा कोश पुढे शंभराहून अधिक वर्षं पुन्हा पुन्हा छापला गेला. पण बघा, सुरुवात झाली, शेवट झाला, मधलं अजून राहिलंच. आपला 'जी-पी' मध्ये कुठेतरी असेल तर दोन्ही कोश हात वर करतात.

हा मधला प्रश्न खेळ म्हणून मांडला तो 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरलने. हे गृहस्थ ऑक्सफर्डला गणित शिकवायचे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'द मंथली पॅकेट' या मासिकात त्यांनी 'मिशमाश' नावाचा दोघांचा खेळ दिला. एकाने दोन किंवा अधिक अक्षरांचा गाभा द्यायचा, दुसऱ्याने तो सलग ज्यात येतो असा शब्द सांगायचा. 'जी-पी' दिलं तर 'मॅगपाय', म्हणजे एम-ए-जी-पी-आय-ई. 'ई-एम-ओ' दिलं तर 'लेमन'. 'आय-एम-एस-ई' दिलं की माणूस जरा गांगरतो, आणि उत्तर असतं 'हिमसेल्फ'. रोजच्या वापरातला शब्द, पण मधूनच कापलेला तुकडा दिसला की ओळखू येत नाही. ही या खेळाची खरी मजा.

आमच्या मते मात्र खेळापेक्षा त्याचा एक नियम महत्त्वाचा. कोणता शब्द चालेल? कॅरलचं उत्तर असं, की चारचौघांत माहीत असलेला हवा आणि विशेषनाम नको. म्हणजे त्याची यादी कागदावर नव्हतीच, ती समाजात होती. हे ऐकायला छान वाटतं, पण भांडण लागलं की चारचौघांना बोलवायचं कुठून? याचा अनुभव त्याला आधीच आला होता. १८७९ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' या साप्ताहिकात त्याने 'डब्लेट्स' हे शब्दकोडं सुरू केलं होतं. एकेक अक्षर बदलत एका शब्दावरून दुसऱ्यावर जायचं. वाचक कुठले कुठले अनोळखी शब्द उकरून काढायला लागले. शेवटी कॅरलने या कोड्याच्या पुस्तिकेत चालणाऱ्या शब्दांची यादीच जोडली. गणिताचा माणूस तो, वाद मिटवायचा तर व्याख्या करावी लागते हे त्याला कळत होतं.

आता अमेरिकेत जाऊ, कारण पुढची गोष्ट बरीचशी तिकडची आहे. ४ जुलै १८८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोडी घालणाऱ्यांनी आपली संघटना काढली. तीच पुढे 'नॅशनल पझलर्स लीग' झाली आणि ती आजही आहे. ही मंडळी शब्दकोशाची पानं चाळून चाळून हवे ते शब्द वेचायची. १९३५ मध्ये या लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी एक शब्द तयार केला. लांबच लांब, ४५ अक्षरांचा: 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार, असा त्याचा अर्थ लावलेला. वर्तमानपत्रात बातमी आली, आणि थोड्याच वर्षांत तो वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या पुरवणीत जाऊन बसला. डॉक्टरांना तो नको होता. त्यांच्याकडे 'सिलिकोसिस' हा सरळ शब्द आधीच होता. म्हणजे लांब शब्द शोधणाऱ्यांनी तो सापडत नाही म्हणून स्वतःच घडवला, आणि यादीत आल्यावर तो 'इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द' ठरला. आजही शाळेतली मुलं तो पाठ करून दाखवतात.

हा वेबस्टरचा कोश म्हणजे १९३४ ची दुसरी आवृत्ती. शब्दांच्या शिकाऱ्यांसाठी ती पंढरीच. सुमारे ६ लाख नोंदी, जुने मेलेले शब्द, बोलीभाषा, स्थळांची नावं, सगळं काही. तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली गोष्ट पडद्यामागची. हा कोश काढणाऱ्या मेरियम कंपनीत १९३० च्या दशकापासून एक काम सुरू झालं, ते पुढे कित्येक दशकं चाललं. कोशातला प्रत्येक शब्द उलट्या क्रमाने एका कार्डावर टाइप करायचा आणि ती कार्डं वर्णानुक्रमे लावायची. 'लेमन' घ्या. कार्डावर एन-ओ-एम-ई-एल. अशी सुमारे ३ लाख १५ हजार कार्डं झाली. वॉकरने जे कवींसाठी केलं तेच इथे संपादकांसाठी: 'लॉजी'ने संपणारी सगळी शास्त्रं एकत्र बघायची, एकसारख्या शेवटाच्या शब्दांच्या व्याख्या एकमेकींशी जुळतात का ते तपासायचं. तीन लाख कार्डं! टाइपरायटरवर उलटं स्पेलिंग मारताना हात किती वेळा चुकत असेल, कल्पना करा.

दुसरी गोष्ट चुकीचीच आहे, आणि ती प्रसिद्ध आहे. १९३१ च्या जुलैमध्ये रसायनशास्त्राच्या संपादकांनी एक चिठ्ठी पाठवली: मोठा 'डी' किंवा छोटा 'डी', म्हणजे घनता या शब्दाचं संक्षिप्त रूप. इंग्रजीत 'किंवा'ला 'ऑर' म्हणतात, तेव्हा चिठ्ठीवर 'डी ऑर डी' असं होतं. कोशाच्या कामात शीर्षशब्द अक्षरांमध्ये जागा सोडून टाइप करायची पद्धत होती. पुढच्या माणसाला वाटलं, हा एकच शब्द आहे. आणि १९३४ च्या कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द अवतरला, अर्थ घनता. उच्चारही दिला! पाच वर्षांनी, १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही. तोपर्यंत कुणी अक्षरांवरून शब्द शोधत बसला असता, तर त्याला 'डॉर्ड' सापडला असता आणि कोश त्याच्या बाजूने उभा राहिला असता.

युद्धातल्या याद्यांचा उल्लेख आपण सुरुवातीला केला होता. एखादा गुप्त संदेश असा असतो की प्रत्येक अक्षराऐवजी दुसरं ठरलेलं अक्षर येतं. अक्षरं बदलली तरी शब्दाचा सांगाडा बदलत नाही. 'पीपल' हा शब्द पी-ई-ओ-पी-एल-ई. यात पहिलं आणि चौथं अक्षर सारखं, दुसरं आणि सहावं सारखं. तुम्ही अक्षरं कितीही फिरवा, हा सांगाडा राहतो. म्हणून संदेश फोडणाऱ्याला अशी यादी हवी असते, जिथे शब्द सांगाड्याप्रमाणे लावलेले आहेत. अमेरिकी सैन्याच्या सांकेतिक विभागात काम केलेले गणिताचे प्राध्यापक जॅक लेव्हाइन यांनी पुढे अशा याद्यांचे जाडजूड खंड काढले. एकही अक्षर दोनदा न येणाऱ्या शब्दांची यादीही त्यांनी केली. कोडी सोडवणाऱ्यांचा हा लाडका प्रकार: 'अनकॉपीराइटेबल' हा १५ अक्षरी शब्द, त्यात एकही अक्षर पुन्हा नाही.

१९६५ मध्ये दिमित्री बोर्गमन यांचं 'लँग्वेज ऑन व्हेकेशन' हे पुस्तक आलं. जन्म बर्लिनचा, आयुष्य अमेरिकेत गेलं. त्यांनी या छंदाला शास्त्राचा थाट दिला. १९६८ मध्ये 'वर्ड वेज' हे त्रैमासिक सुरू झालं, बोर्गमन त्याचे पहिले संपादक. १९७० पासून ते रॉस एकलर यांनी पस्तीसहून अधिक वर्षं चालवलं. एकलर बेल लॅबोरेटरीजमध्ये संख्याशास्त्रज्ञ होते. या मासिकातल्या लेखांचं आम्हाला जे आवडतं ते हे, की उत्तर देताना ते कोणत्या कोशातून शब्द घेतला हे सांगतात. 'लांबात लांब' असं मोघम म्हणून सोडत नाहीत.

ते का आवश्यक आहे, हे एका उदाहरणावरून बघू. पाश्चात्त्य संगीतात स्वरांना ए ते जी अशी सात अक्षरं आहेत. प्रश्न असा: फक्त या सात अक्षरांत लिहिता येणारा सगळ्यात लांब शब्द कोणता? म्हणजे जो शब्द पियानोवर वाजवताही येईल. कोशातले शीर्षशब्द बघितले तर 'बॅगेज' आणि 'कॅबेज', दोन्ही सात अक्षरांचे. झालं? नाही. कारण इंग्रजीत 'कॅबेज' हे क्रियापदही आहे. शिंपी गिऱ्हाइकाच्या कापडातला उरलेला तुकडा ठेवून घ्यायचा, त्या तुकड्यालाही हेच नाव होतं, त्यावरून ढापणं. त्याचा भूतकाळ 'कॅबेज्ड', आठ अक्षरं. पण हे रूप कोशात स्वतंत्र शीर्षशब्द म्हणून नसतं, ते व्याकरणाने तयार होतं. ते धरायचं का? आणि वनस्पतींच्या कुळांची नावं चालणार असतील तर 'फॅबेसी' आहे, हरभरा-वाटाण्याचं कुळ, एफ-ए-बी-ए-सी-ई-ए-ई, तेही आठ. पण ते विशेषनाम. कॅरल ते बाद करेल. म्हणजे अक्षरं तीच, भाषा तीच, आणि उत्तर सात की आठ हे आपण आधी काय ठरवलं त्यावर.

विशेषनामाचा नियम सोपा आहे असं वाटत असेल तर वेबस्टरची १९६१ ची तिसरी आवृत्ती बघा. तिच्यात जवळजवळ सगळे शीर्षशब्द छोट्या अक्षराने छापले. मोठं अक्षर मिळालं ते फक्त देवाला. शिवाय १७५५ पूर्वी वापरातून गेलेले बहुतेक शब्द काढून टाकले. कोडीवाले हळहळले, आणि अनेकांनी जुना कोश जपून ठेवला.

आता संगणक. त्याने काय केलं, ते आकडेमोडीशिवाय सांगतो. प्रत्येक शब्दासाठी २६ चौकोनांची एक पट्टी करा, एका अक्षराला एक चौकोन. शब्दात ते अक्षर असेल तर चौकोन रंगवा. 'फेसिशस' हा शब्द घ्या, एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस: नऊ चौकोन रंगले. आता पाचही स्वर असलेले शब्द हवे असतील तर ते पाच चौकोन रंगलेल्या पट्ट्या उचलायच्या. फक्त अमुक अक्षरांचेच शब्द हवेत, म्हणजे पियानोचा प्रश्न, तर उलट बघायचं: बाकीचे चौकोन कोरे आहेत ना. पट्टी तीच. 'लिसन' आणि 'सायलेंट' हे एकाच अक्षरांचे शब्द शोधायचे असतील, तर प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावायची. दोन्हींचं ई-आय-एल-एन-एस-टी होतं, आणि दोघे आपोआप एका खणात पडतात. कॅरलचा सलग गाभा मात्र या पट्टीने सापडत नाही. त्याला शब्द अक्षर-अक्षर पुढे सरकत तपासावा लागतो. ते काम करणारी 'ग्रेप' नावाची आज्ञा केन थॉम्पसन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये लिहिली, ती १९७३ मध्ये युनिक्सबरोबर आली. मेरियमच्या खोलीत दशकानुदशकं ज्या कार्डांचं काम चाललं, ते एका ओळीत आलं.

पण यादी कोणती? तर तीच, १९३४ ची. युनिक्सच्या काही आवृत्त्यांबरोबर वेबस्टरच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची फाइल येऊ लागली. कोशाचा स्वामित्वहक्क संपला असल्याचं सोबतच्या टिपणात म्हटलं होतं. जगभरचे विद्यार्थी आजही पहिला शब्दशोधक कार्यक्रम लिहितात, तेव्हा अनेकदा त्यांच्यासमोर हीच फाइल असते. नव्वद वर्षांपूर्वीचं इंग्रजी, त्यात 'कंप्युटर' म्हणजे हिशेब करणारा माणूस.

आणि शब्दांची यादी खेळापुरती राहिली नाही. १९७९ मध्ये त्याच थॉम्पसन यांनी रॉबर्ट मॉरिस यांच्याबरोबर पासवर्डवर एक निबंध लिहिला. लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड त्यांनी तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, एक तर फार छोटे होते किंवा कोशांत, नावांच्या याद्यांत सरळ सापडणारे होते. कोडी सोडवणाऱ्याला अडीच लाख शब्द हाताने चाळणं अशक्य होतं, म्हणून शब्द सुरक्षित वाटत. संगणकाला ते काही मिनिटांचं काम. आपण बँकेचा पासवर्ड ठेवताना 'एक आकडा, एक चिन्ह टाका' म्हणून जी कटकट होते, तिचं मूळ इथे आहे.

स्क्रॅबलने १९७८ मध्ये खेळाडूंसाठी अधिकृत कोश काढला. वाद कोशावर सोपवला. आजकाल 'न्यूयॉर्क टाइम्स'चा 'स्पेलिंग बी' आपल्याकडेही बरेच जण खेळतात: सात अक्षरं, मधलं सक्तीचं, सातही वापरली तर 'पँग्राम'. तिथे यादी संपादक ठरवतो, आणि खरा शब्द नाकारला म्हणून खेळणारे रोज चिडतात. कॅरलचे चारचौघे परत आले, फक्त आता ते एका कार्यालयात बसतात.

इथे अनेकांच्या मनात येईल, की मराठीत हे का करू नये? अक्षरांची बंधनं आपल्याला नवीन नाहीत. मोरोपंतांनी अठराव्या शतकात 'निरोष्ठ रामायण' रचलं, ओठ मिटावे लागणारे वर्ण टाळून. म्हणजे राम म्हणायचं नाही आणि रामायण सांगायचं! हा पियानोच्या प्रश्नाचाच भाऊ: अमुक वर्ण वर्ज्य, बाकीच्यांत सगळं बसवा. पण यंत्राला मराठी शब्द शोधायला सांगितलं की पहिलीच ठेच लागते. 'क्षेत्र' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू दोन. युनिकोडमध्ये मोजलं तर सात: क, हलन्त, ष, मात्रा, त, पुन्हा हलन्त, र. मग 'लांबात लांब' कशाने मोजायचं? 'ष' असलेले शब्द मागितले तर 'क्षेत्र' यावा का? यंत्र म्हणेल हो. आपल्या वर्णमालेच्या तक्त्यात 'क्ष' वेगळा उभा आहे, तो म्हणेल नाही. निरोष्ठ रचना तपासायची म्हटलं तरी प, फ, ब, भ, म हे पाच शोधणं सोपं; पण संस्कृत व्याकरणात 'उ' देखील ओष्ठ्यच मानतात. तो धरायचा की सोडायचा, हे शोध सुरू करण्याआधी कुणीतरी बसून ठरवावं लागेल.